पौष पौर्णिमा, म्हशाचा बैलबाजार

गेल्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला तेव्हा तिचे शब्द थंडीनं अडखळत होते. ती उत्तर स्वीडनमध्ये लुलेओला शिकते. "मामा, उणे सव्वीस आहे इथं, आणि मी बाजारात उभी आहे," म्हणाली. तो बाजार योकमोकचा. आर्क्टिक वृत्ताच्या जरा वर असलेल्या या लहानशा गावात १६०५ पासून दर हिवाळ्यात बाजार भरतो. फेब्रुवारीचा पहिला गुरुवार हा त्याचा मुहूर्त. रेनडियरचे कळप घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या सामी लोकांना वर्षातून एकदा एका जागी आणलं की व्यापारही होतो आणि करही वसूल होतो, असा तेव्हाच्या राजाचा हिशेब होता. आणि ऐन थंडीतच का, तर नद्या-तळी गोठली की त्यांचेच रस्ते होतात. आजही त्या बाजारात गोठलेल्या तळ्यावर रेनडियरच्या शर्यती लागतात.

मार्चमध्ये ती आणखी उत्तरेला, नॉर्वेतल्या आल्ता गावी गेली. तिथून फिनमार्क्सलोपेत नावाची कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत सुटते. १९८१ साली ती सुरू झाली आणि तिचा सगळ्यांत लांब पल्ला सुमारे १२०० किलोमीटरचा आहे. तिनं पाठवलेले फोटो मी कितीदा पाहिले असतील! कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे, गाडीवानाच्या भुवयांवर बर्फ, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची गर्दी. शेवटी तिनं विचारलं, "आपल्याकडं थंडीतलं असं काय असतं रे मामा?"

भिवंडीत वाढलेल्या पोरीनं हे विचारावं, याचं मला वाईट वाटलं. पण चूक तिची नव्हती. तिला आम्ही यंत्रमाग दाखवले, गोदामं दाखवली, मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची यात्रा कधी दाखवली नाही. या जानेवारीत ती सुट्टीला आली आणि योगानं पौष पौर्णिमाही तिच्या मुक्कामातच आली. म्हटलं, चल.

भिवंडीहून म्हशाला जायचं तर आधी कल्याण गाठायचं. पहाटेची एसटी धरली. यंत्रमागांची खटखट मागं पडली, कोनगाव गेलं, दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा गार वारा खिडकीतून आत आला. कल्याणच्या डेपोतून मुरबाडच्या गाड्या सुटतात, यात्रेच्या दिवसांत जादा गाड्याही असतात. शहाड, वरप, कांबा इथवर शहर काही पाठ सोडत नाही. रायत्याला उल्हास नदी ओलांडली की डोळ्यांना पहिल्यांदा मोकळं दिसतं. कापून झालेली भातखाचरं, बांधावर रचलेले पेंढ्याचे भारे, आणि खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर उगवलेला वाल. गोवेलीच्या पुढं धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हरनं दिवे चालूच ठेवले होते.

मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की म्हसा फार दूर नाही. धुकं विरत गेलं तशी पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी राहिली. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके ओळखता येतात. चढायचे असतील तर म्हशावरूनच देहरीला जायचं. त्याच रांगेत सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी त्याच्या जंगलात क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. भाई माथेरानचे, शिकलेले वकील. पण विजेचे मनोरे पाडणारा दस्ता त्यांनी याच डोंगरांतल्या शेतकरी पोरांतून उभा केला. दर वर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमतात. जानेवारीत या तालुक्यात येणाऱ्यानं आधी तिकडं वाकून मग यात्रेत जावं, असं मला मनापासून वाटतं.

यात्रा खांबलिंगेश्वराची. लोकांच्या तोंडी देव म्हसोबा. पौष पौर्णिमेला सुरू झालेली यात्रा पुढं बरेच दिवस चालते. पौर्णिमा बहुधा जानेवारीत येते, क्वचित डिसेंबरच्या अखेरीला, म्हणून निघण्याआधी पंचांग बघावं. योकमोकचा बाजार गोठलेल्या नद्यांवर अवलंबून, तसा हा आमच्या भातावर. पौष येईतो झोडणी उरकलेली असते, भात कणगीत किंवा व्यापाऱ्याकडं गेलेलं असतं, हातात पैसा असतो, ओढे-नाले गाडी पार होईल इतके उतरलेले असतात, आणि पुढच्या पेरणीआधी बैल पारखून घ्यायला, सरावाला लावायला पुरेसे महिने असतात. एसटी नव्हती तेव्हा लोक गाडीबैलांनिशी मुक्कामाला यायचे. वर्षाचं घोंगडं, कोयता, दावी, मसाल्याचं सामान इथूनच जायचं.

दर्शनाच्या रांगेत तासभर गेला. तिथून आम्ही मिठाईच्या दुकानांकडं गेलो नाही, पाळण्यांकडंही नाही, थेट बैलबाजारात शिरलो.

जमिनीत मेखा ठोकून, दाव्यांच्या लांबच लांब ओळी करून जनावरं बांधलेली असतात. शेणाचा, पेंढ्याचा आणि चुलींच्या धुराचा मिळून एक वास असतो; माझ्या लहानपणी आमच्या आळीतही तो होता. मालक मंडळी बैलाशेजारीच घोंगडी टाकून राहतात. कुणी शिंगं घासतंय, कुणी हिंगूळ लावतंय, कुणी पाठीवरून हात फिरवत नुसतं बसलंय. प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला दिसतो. लम्पी चर्मरोगाच्या साथीनं जनावरांचे बाजार बंद पडले होते, त्याची आठवण लोकांच्या बोलण्यात ताजी आहे. लस टोचलीय का, हे आता किमतीच्या आधी विचारलं जातं.

शहापूरकडचे एक आजोबा डांगी बैलांची जोडी घेऊन बसले होते. पांढऱ्यावर काळे ठिपके, बेताची उंची, रुंद छाती. भाची जवळ गेली तसे म्हणाले, "ये बाय, मारत न्हाय तो." मग त्यांनी एकाचा जबडा उघडून दाखवला. दुधाचेच दात असले की बैल अदात. पुढचे दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. घेणारा आधी दात बघतो, मग खूर दाबतो, वशिंड चाचपतो, अंगावरचे भोवरे कुठं आहेत ते पाहतो आणि सगळ्यांत शेवटी बैल चालवून बघतो. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो की बाहेर फेकला जातो, यावर आजोबा बराच वेळ बोलले. चालीत खोट असलेलं जनावर चिखलात दमतं, असं त्यांचं म्हणणं.

डांगी ही पावसाची जात. इगतपुरी, अकोले, शहापूर, जव्हार या धो धो पावसाच्या पट्ट्यात ती घडली. कातडीतून तेलासारखा स्राव सुटतो, त्यामुळं पाणी अंगावर ठरत नाही, आणि काळे टणक खूर ओलीत कुजत नाहीत. चार महिने भिजत चिखलणी करायची तर असंच जनावर पाहिजे. भाचीनं विचारलं, "पण आजोबा, आता तर ट्रॅक्टर आहेत ना?" ते म्हणाले, "खालच्या रानात हायेत. आमची खाचरं बघ उतारावर. त्यात ट्रॅक्टर उतरला त वर न्हाय यायचा."

शेजारी एक सौदा चालला होता. दलालानं घेणाऱ्याचा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेतला. वर दोघांचे चेहरे दगडासारखे, खाली बोटांवर बोलणं. किती बोटं धरली, कशी दाबली, यावर भाव ठरतो आणि भोवती उभ्या असलेल्यांना तो कळत नाही. दोनदा हात झटकला गेला. तिसऱ्यांदा विकणाऱ्यानं मान हलवली, बैलाच्या कपाळाला हात लावून तो आपल्या छातीला लावला आणि दावं सोडून दुसऱ्याच्या हाती दिलं. पैसे मोजताना त्यानं बैलाकडं पाहिलं नाही.

साजाच्या दुकानांत भाची रमली. घुंगुरमाळा, गोंडे, म्होरक्या, वेसणी, कासरे, झुली, शिंगांत बसवायच्या पितळी शेंब्या. तिनं एक घुंगुरमाळ उचलून कानाशी हलवली. दुकानदारानं ती तिच्या हातातून घेतली आणि दुसरी दिली. "ती लोखंडी हाय ताई. ही ऐका. पितळ." खरंच, एकीचा आवाज जागीच मरत होता आणि दुसरीचा हवेत राहत होता. तिनं पितळेची घेतली.

दुपारी भाकरी खाताना तिनं आल्ताची गोष्ट काढली. स्लेजची कुत्री मुळात शर्यतीसाठी नव्हतीच. उत्तरेत हिवाळ्यात टपाल, लाकूड, मासे, आजारी माणसं सगळं कुत्र्यांवर चालायचं. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, विमान उडणं अशक्य. तेव्हा नेनानापासून नोमपर्यंत सुमारे १०८५ किलोमीटर घटसर्पावरचं प्रतिविष कुत्र्यांनी पोचवलं. वीस गाडीवान, दीडशेच्या आसपास कुत्री आणि साडेपाच दिवस. शेवटच्या टप्प्यात पुढं धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत धोक्याचा टप्पा मात्र टोगो या दुसऱ्या कुत्र्यानं काढला होता.

पुढं बर्फावर चालणारी मोटार आली. १९६० च्या दशकात अलास्कातल्या गावागावांतून कुत्र्यांच्या जोडण्या दिसेनाशा झाल्या. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाला याचा घोर लागला. कुत्र्याला काम उरलं नाही तर कुत्रा उरणार नाही, आणि त्याला हाकायची विद्याही उरणार नाही, हे त्यानं ओळखलं. १९७३ साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी अँकोरेज ते नोम अशी दीड हजार किलोमीटरहून लांब इडिटारोड शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्यालाही वीस दिवस लागले. आज आठ-दहा दिवसांत शर्यत जिंकली जाते. मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकोरेजच्या रस्त्यांवर ट्रकनं बर्फ आणून टाकतात आणि तिथून समारंभापुरत्या गाड्या सोडतात.

हे ऐकताना माझं लक्ष समोरच्या दाव्यांच्या ओळीवर होतं. आमच्या भिवंडी तालुक्यात माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णे या गावांतली भातशेती माझ्या डोळ्यांदेखत गोदामांखाली गेली. नांगर गेला, गाडी गेली. तरी त्या गावांतल्या गोठ्यांत बैल आहेत, आणि ते कामामुळं नाहीत. ते शर्यतीमुळं आहेत. भाचीला म्हटलं, रविवारी तेही दाखवतो.

ठाणे-रायगडकडं बिनजोड शर्यत चालते. घाटावर, म्हणजे मंचर-खेड-जुन्नरकडं, गाडा चार बैलांचा, पुढं घोडी धावते आणि घड्याळातल्या सेकंदांवर निकाल लागतो. आमच्याकडं दोनच गाड्या, एकास एक. हलका छकडा, दोन बैल, एक गाडीवान. शेजारी-शेजारी सुटायचं आणि आधी पोचेल त्याचा गुलाल. बैलही बहुतेक जोडीनं एका मालकाचे नसतात. एकाचा डाव्या अंगाला पळणारा, दुसऱ्याचा उजव्या अंगाला, असे दोन गावचे दोन बैल जुळवतात. नाव पुकारलं जातं ते दोघांचंही.

मैदान म्हणजे कापणी झालेली भातखाचरं. बांध फोडून, ढेकळं सपाट करून सरळ पट्टा केलेला. रविवारी सकाळी सातपासून टेम्पो येत होते. त्यांतून उतरणारे बैल बहुतेक खिल्लार. सातारा, सांगली, सोलापूरकडची ही जात: पांढरी, चपळ, निमुळत्या तोंडाची, मागं जाऊन वर वळलेल्या शिंगांची. आधी पशुवैद्यकाची तपासणी, मग नाव. ही तपासणी काही आपोआप आलेली नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, तीही कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक किलोमीटरपेक्षा लांब नसावी लागते, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का सगळं बंद.

बंदीची ती सात वर्षं एका मालकानं आम्हाला सांगितली. साठीतला माणूस, बैलाच्या मानेवर हात. "नांगर त कवाच गेला. शरीयत पन गेली. लोक सांगत, विकून टाक. गोठ्यान बैल नाय त घर कसा वाटंल? रोज सकाली खाडीवर फिरवून आनायचो. तो पन वाट बघायचा."

गाड्या सुटायच्या वेळी भाचीनं माझा दंड धरला. म्हणाली, "आल्ताला सुटण्याआधी कुत्री नुसती किंचाळत होती मामा. उड्या मारत होती, दोर तोडत होती. गाडी सुटली आणि एकदम सगळं शांत. फक्त स्लेज घासल्याचा आवाज." इथं उलटं होतं. बैल सुटण्याआधी स्तब्ध. कान मागं, नाकपुड्या फुललेल्या, खुरांखालचं एक ढेकूळ सावकाश फुटतंय तेवढीच हालचाल. ओरडत होती ती माणसं. झेंडा पडला आणि पहिल्या चार ढांगांत छकड्याची चाकं जमिनीवरून उठली. धूळ, घुंगरांचा एक लांब आवाज, आणि आम्ही श्वास घेईपर्यंत गाड्या पल्याड. ती बाराशे किलोमीटरची शर्यत आणि ही अर्ध्या मिनिटाची. पण जनावर पळायला उत्सुक आहे की भीतीनं पळतंय, हे दोन्हीकडं सुटण्याच्या क्षणीच कळतं, असं भाचीचं मत पडलं. मला ते पटलं.

दुपारी एका धावेत गाडीवानानं बैलाची शेपटी पिरगाळली. मी पाहिलं, आणि माझ्यासारखंच अनेकांनी पाहिलं. पंचांनी ती गाडी बाद केली. तिच्याबरोबर आलेली पोरं हुज्जत घालायला लागली. तेव्हा मघाचाच साठीतला माणूस पुढं झाला आणि त्यांना एवढंच म्हणाला, "परत बंद पारायची हाय का?" पोरं गप्प झाली. शर्यत टिकावी असं ज्याला वाटतं त्यानंच पहिल्यांदा शेपटीवरचा हात धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इडिटारोडमध्येही वाटेत जनावरांचे डॉक्टर कुत्री तपासतात, दमलेल्या कुत्र्याला गाडीवान मुक्कामावर सोडून पुढं जातो, आणि एकदा सलग चोवीस तास थांबावंच लागतं. तरीही तिथं कुत्री दगावली आहेत, आणि त्यावरून लोक भांडत आले आहेत. ते भांडण चालू आहे म्हणूनच नियम कडक होत गेले.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवसापासून टोचते आहे. रेडिंग्टननं कुत्री वाचवली, पण आज इडिटारोडमध्ये धावतात ती सडपातळ, वेगासाठी निपजलेली कुत्री. जड ओझी ओढणारा मालाम्यूट त्यांत जवळजवळ नसतोच. आमच्या शर्यतीनंही खिल्लार राखला. म्हशाच्या बाजारातला तो ठिपक्यांचा डांगी या मैदानात एकही नव्हता. शर्यतीच्या बैलासारखं त्याला कुणी लाखांत मागणार नाही, त्याच्या नावाची टोपी कुणी घालणार नाही. उतारावरची खाचरं जोवर कुणी लावतंय तोवरच तो आहे.

संध्याकाळी मित्राच्या मळ्यावर पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. अर्ध्या तासानं पाल्याचा उग्र वास सुटला. थंडी पंधरा-सोळा अंशांची असेल, पण सगळे शेकोटीला चिकटून बसलो होतो. शेंगा सोलताना भाची सगळ्यांना टोगोची गोष्ट सांगत होती आणि मित्राची आई मध्येच विचारत होती, "मग त्या कुत्र्याला खायला काय दिला?"

हरलेल्या एका गाडीचा बैल शेजारच्याच गोठ्यात होता. अंधार पडल्यावर मालक त्याचे पाय कोमट पाण्यानं धूत होता, एकेक खूर मांडीवर घेऊन, बोटांनी माती काढत. भाचीनं पिशवीतून ती पितळेची घुंगुरमाळ काढली आणि विचारलं, "काका, याच्या गळ्यात एकदा वाजवून बघू?" त्यांनी बैलाला हाक मारली, बैलानं मान खाली केली, आणि तिनं माळ घातली.